आमच्या घरात सुतक नाही

१७ जानेवारी २००८, गुरुवार

अभिनव गेला. काल सकाळी सव्वादहाला, नगर रस्त्यावर, बायपासच्या चौकात. मोटरसायकलला डंपरने उडवलं. हेल्मेट घातलं होतं, त्यामुळे चेहरा जसाच्या तसा होता. वय चौतीस.

एकेचाळीस वर्षं पाळकपण केलं, त्यातली शेवटची बारा सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकवण्यात गेली. सहाशेच्या वर माणसं मी पुरली असतील. आज दुपारी मुलाला पुरलं. उपासना मीच चालवणार म्हणालो. नवे पाळक नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. आवाज शेवटपर्यंत नीट राहिला. परतताना दोघातिघांनी हात धरून म्हटलं, "पाळकसाहेब, केवढा हा विश्वास!" ते ऐकून मला बरं वाटलं. मुलाच्या कबरीवरची माती ओली असताना बापाला असलं कौतुक आवडलं, हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

पूर्णिमाने काही अडवलं नाही. सून वाघोलीच्या शेतकरी घरातली, हिंदू. चार वर्षांपूर्वी दोघांनी कोर्टात लग्न केलं तेव्हा मी फोटोत शेवटच्या रांगेत, खटल्याला साक्षीदार आल्यासारखा उभा होतो. माझी बायको रत्नमाला गेल्यावर मात्र हीच मला इथे खराडीला घेऊन आली. काल इस्पितळात मी तिला विचारलं, दफन करायचं की तुमच्या पद्धतीने? ती म्हणाली, "आईंच्या शेजारी ठेवा त्याला." कबरस्तानात बायकांच्या घोळक्यातून पुढे येऊन तिने मूठमातीही दिली.

१८ जानेवारी, शुक्रवार

सकाळी नऊलाच वाघोलीहून व्याही आले. जयसिंगराव, मैनाबाई आणि बरोबर त्यांच्या भावकीतल्या चार बायका. मैनाबाईंच्या हातात टोपली, वर पांढरं फडकं. आत भाकरी, पिठलं आणि कडुनिंबाचा डहाळा.

"दादा, कडू भाकर आणलीया," मैनाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरातली चूल बंद असंल. तीन दिस आमी आणून घालू."

मी म्हणालो, "विहीणबाई, आमची चूल बंद नाही. सकाळीच गॅस पेटवला, चहा केला. आमच्या घरात सुतक नाही."

"फादरसाहेब, सुतकाचं ऱ्हाऊ द्या," जयसिंगराव म्हणाले. मी फादर नाही, पाळक आहे, हे चार वर्षं सांगूनही त्यांच्या गळी उतरलेलं नाही. "दोन घास घ्या निस्तं."

मी घेतले नाहीत. टोपली दारातूनच परत पाठवली. नम्रपणे, हात जोडून, पण पाठवली. गॅस मी मुद्दाम पेटवला होता. मृत्यूने घर विटाळतं, चूल विटाळते, माणूस विटाळतो, असं मानणाऱ्या गावाने आमच्या किती पिढ्या वेशीबाहेर ठेवल्या. आमचा जन्मच विटाळ होता. ज्या शब्दातून प्रभूने आम्हाला सोडवलं तोच शब्द मी माझ्या मुलाच्या मरणाला लावू देऊ? आज गप्प बसलो असतो तर चार दशकं शिकवलेलं सगळं पोकळ ठरलं असतं.

चहा घ्या म्हटलं, कुणी घेतला नाही. पूर्णिमा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. टोपलीकडे बघत होती. तिने काही हरकत घेतली नाही. समजूतदार मुलगी आहे.

चर्चच्या मंडळीतल्या भगिनी डबे पाठवणार होत्या, त्यांनाही फोन करून नको म्हणून सांगितलं. घरात शोक असला तरी घर चालू राहिलं पाहिजे.

१९ जानेवारी, शनिवार

आज मीच खिचडी केली. मीठ कमी पडलं, खालून जरा लागली. पूर्णिमाला ताट वाढलं. ती समोर बसली, पण ताटाला हात लावला नाही. काल पावबटरही तसाच होता. भूक नसावी. दुःखात अन्न नकोसं होतं. मला मात्र लागते भूक, आणि तिची लाज वाटते. मुलगा मातीखाली आणि बाप दुसऱ्यांदा खिचडी वाढून घेतो आहे.

अभिनव सहा वर्षं चर्चमध्ये आला नाही. विचारलं की म्हणायचा, "बाबा, रविवारी सकाळी मला झोपेचा साक्षात्कार होतो." मी रागवायचो, रत्नमाला तोंडाला पदर लावून हसायची. आता तोच प्रश्न बोकांडी बसला आहे. तो विश्वासात गेला का, मरताना प्रभूचा होता का? हा प्रश्न घेऊन किती आईबाप माझ्याकडे आले, आणि मी किती सफाईने उत्तरं दिली. आज त्यातलं एक उत्तर स्वतःला देऊन पाहिलं. अजिबात पटलं नाही.

२० जानेवारी, रविवार

सकाळी मी उपासनेला जायच्या तयारीत असताना पूर्णिमा न्हाणीघराशी चक्कर येऊन पडली. तोंडावर पाणी मारलं, साखरमिठाचं पाणी पाजलं. ते मात्र ती गटागटा प्यायली. रडून रडून असं होतं. डॉक्टरला बोलावू म्हटलं तर नको म्हणाली आणि आईला फोन लावला.

तासाभरात जयसिंगराव गाडी घेऊन आले. चार दिवस माहेरी राहू दे, तिला बरं वाटेल, असं मीच म्हणालो. ती एकच पिशवी घेऊन निघाली. दारात वाकून पाया पडली. तशी ती कधी पडत नाही.

२८ जानेवारी, सोमवार

घरात आवाज नाही. अभिनव बूट पुसताना शीळ घालायचा आणि मी पेपरातून मान न काढता म्हणायचो, "शीळ पुरे." आज सकाळी नऊला, त्याच्या वेळेला, मी स्वतःच घालून पाहिली. तोंडातून नुसती हवा गेली. मग फार रडलो. मला माझा मुलगा परत हवा आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी नको, आज हवा आहे. हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत वाचलं असतं तर खाली लाल शाईने काय लिहिलं असतं ते मला ठाऊक आहे.

विमलाबाई आजपासून पुन्हा कामाला आल्या. लातूरकडच्या, चार घरचा स्वयंपाक करतात. अभिनव गेला त्या दिवसापासून त्यांनी आपण होऊन रजा घेतली होती. भांडी लावताना त्यांनी विचारलं, वाघोलीवाल्यांनी कडू भाकर आणली असेल ना? मी घडलं ते सांगितलं.

"परत लावली व्हय?" त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "मग ताईनं काय खाल्लं वो?"

"मी खिचडी केली होती की."

"हितंच? ह्याच गॅसवर?"

"मग काय गच्चीवर?"

त्यांनी पातेलं फळीवर ठेवलं. विमलाबाई गप्प बसल्या ही या घरातली नवलाचीच गोष्ट. बहुधा माझ्या खिचडीवर त्यांचा विश्वास नसावा.

६ फेब्रुवारी, बुधवार

आज लेंत सुरू झाला, उपवासाचा काळ. सेमिनरीच्या प्राचार्यांनी गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं: ईस्टरआधी एक व्याख्यान द्या, विषय 'मृत्यू, संस्कृती आणि विश्वासाचा उगम'. सांत्वन म्हणून विषय देणारे प्राचार्य मी दुसरे पाहिले नाहीत. पण हो म्हणालो. काहीतरी काम हवं.

आज सुरुवात लिहिली. आमच्या घराण्यात विश्वास कसा आला, तिथूनच आरंभ. पणजोबा धोंडिबांनी चावडीसमोर मिशनऱ्याचं प्रवचन ऐकलं, वचन त्यांच्या काळजात घुसलं आणि त्याच दिवशी त्यांनी घरातले देव नदीत सोडले. वडील ही गोष्ट सांगायचे, मी शेकडो प्रवचनांत सांगितली. मुद्दा असा की विश्वास ऐकण्यातून येतो. रूढी तो देत नाहीत, उलट त्याला झाकून टाकतात. मग मृत्यूच्या रूढींवर येणार: सुतक, पिंड, कडू भाकर. तिथे स्वतःचा अनुभव घालावा का? मुलाच्या मरणातही आपण तत्त्व सोडलं नाही, हे सांगितलं तर विद्यार्थ्यांना उपयोग होईल. की ती बढाई ठरेल? उद्या ठरवू.

पूर्णिमाला फोन केला. ती कामावर जायला लागली आहे. वाघोलीहूनच जाते-येते. कधी येतेस, विचारलं. "बघते, बाबा," म्हणाली. आवाज चांगला होता.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

जयसिंगराव आले होते, जीप घेऊन. पूर्णिमाचे कपडे, तिचा कॉम्प्युटर, कागदपत्रांची पेटी, सगळं न्यायला. यादी तिच्या अक्षरात होती. यादीच्या शेवटी 'अभिनवचा राखाडी स्वेटर' असं लिहिलेलं. तो मी रोज अंगात घालतो. काढून दिला.

"म्हणजे ती येणार नाही?" मी विचारलं.

"बघू की साहेब."

"तिला कुणी काही बोललं का? माझं काही चुकलं का?"

ते पेटी उचलता उचलता थांबले. "चुकलं म्हनायला आमी कोण? तुमची रीत तुमच्यापाशी, आमची आमच्यापाशी. पर आमच्यात कडू भाकर परत धाडली म्हंजी सोयरीक तुटली असं धरत्यात. मी काय ते मानत न्हाई फारसं. पर पोरीची आई मानती."

पाणी देऊ का, विचारलं. नको म्हणाले. गाडी गेल्यावर लक्षात आलं, आज त्यांनी मला एकदाही फादरसाहेब म्हटलं नाही. चार वर्षं त्या हाकेने माझं डोकं फिरायचं, आणि आज तीच ऐकायला हवी होती.

सोयरीक तुटली म्हणे! चार भाकरींवर? मैनाबाईंची ही अडाणी समजूत मी पूर्णिमाशी बोलून दूर करेन. ती शिकलेली मुलगी आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला असल्या गोष्टी पटणं शक्यच नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

पूर्णिमाला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मीटिंगमध्ये होती. व्याख्यानाची अकरा पानं झाली. बायबलमध्ये प्रभू मेलेल्या मित्राच्या कबरीपाशी रडला, त्यावर एक परिच्छेद लिहायचा आहे. क्षणात त्याला उठवणार हे ठाऊक असूनही तो का रडला? वर्गात मी यावर तीन मतं सांगायचो. आज तिन्ही आठवली आणि एकही लिहावंसं वाटलं नाही. मला वाटतं, मित्राच्या बहिणी रडत होत्या म्हणून तो रडला. आधी त्यांच्याजवळ गेला आणि मग बाकीचं.

२४ फेब्रुवारी, रविवार

व्याख्यानासाठी धोंडिबांच्या बाप्तिस्म्याचं साल पक्कं हवं होतं, म्हणून काल एसटीने गावाला गेलो. नगरच्या पुढे दीड तास. कांताबाई आत्या एकटीच उरली आहे त्या पिढीतली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, डोळे गेलेत, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. अभिनवसाठी तिने मला जवळ घेतलं, कितीतरी वेळ पाठीवरून हात फिरवला. मग मी कागद काढला आणि पानं वाचून दाखवली. चावडी, प्रवचन, नदीत सोडलेले देव.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"वडिलांनी."

"भाऊ मोठा गोष्टी लावणारा! धोंडिबाबाला कसलं प्रवचन कळतंय? माझ्या बापानं मला त्याच्या तोंडानं सांगितलंय. धोंडिबाबाचा थोरला लेक तो, तवा सात वर्षांचा. त्यानं बघितलेलं."

मग तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलंय:

"पिलेगाचं साल. धोंडिबाबाची बायकू गेली. धोंडिबाबानं एकट्यानं तिला पुरली, कुणी हात लावंना. आपल्यात मयताच्या घरी भावकीनं भाकर आणायची असती. पण पिलेग म्हणल्यावर भावकी वस्ती सोडून रानात गेली. तीन दिवस चूल नाही, भाकर नाही. बाप नि तीन लेकरं दारात बसून. तिसऱ्या दिवशी मिशनची बाई आली. कुठली, कोण, जात काय, कुणाला ठाव नाही. फडक्यात बाजरीची भाकर. तिला कुणीतरी सांगितलं असंल की ह्या लोकांत असं असतं. ती उंबऱ्यावर बसली आन् धोंडिबाबाला म्हणाली, तुझ्या भावकीची म्हणून आलेय. आन् आपल्या हातानं पहिला घास भरवला. देवाचं नाव सुदिक काढलं नाही म्हणं. धोंडिबाबा म्हणायचा, त्या घासाला मी ख्रिस्ती झालो. पाद्र्यानं पाणी घातलं ते पुढच्या वरसाला."

मी विचारलं, "आत्या, ही कडू भाकर आपल्यातही होती?"

"होती म्हंजे? तुझ्या आजीच्या वक्ताला मीच केली की. तुम्ही पुण्याला गेलात, शिकलात, मग सुटलं."

एसटीत मी अकरा पानं मांडीवर घेऊन बसलो होतो. शिरूरच्या अलीकडे ती पिशवीत घातली.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

काल काही लिहिलं नाही. मिशनच्या त्या बाईला सुतक पटत होतं असं नाही. विटाळ तर ती खचित मानत नव्हती, मानत असती तर उंबऱ्याला शिवली नसती. तिने धोंडिबांशी वाद घातला नाही. त्याची रीत हातात घेतली आणि त्याच रीतीने त्याच्याजवळ बसली. माझ्या दारात मैनाबाई तसंच करत होत्या, आणि मी त्यांना धर्मशास्त्र ऐकवलं.

मी मैनाबाईंचा अपमान केला. रविवारी जाऊन माफी मागायची. त्या कडक आहेत, पण मनाने मोठ्या असाव्यात. त्यांचा राग गेला की पूर्णिमा येईलच.

२ मार्च, रविवार

वाघोलीहून चारला परतलो. जसं झालं तसं लिहितो.

घर रस्त्याला लागूनच आहे. मागे गोठा, पुढे त्यांच्याच जमिनीवर उठलेली सहा मजली इमारत. जयसिंगराव बाहेर गेले होते. मी ओट्यावरच उभा राहून मैनाबाईंना हात जोडले. कांताबाई आत्याने सांगितलेलं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुमची भाकर परत पाठवली, माझं चुकलं. आज ती भाकर मागायला आलोय."

त्या बराच वेळ पदर चाचपत राहिल्या. "दादा, मनात राग न्हाई माज्या," त्या म्हणाल्या. "पर ती भाकर तीन दिसांचीच असती. परत आलेली घरात ठिवत न्हाईत, म्हून गाईला घातली. आता दीड महिना झाला. आता कुठनं आणू?" मग म्हणाल्या, "आत या. पाव्हणं आलाय, जेवल्याबिगर सोडायची न्हाई."

चांगलं जेवण होतं. पोळी, वांग्याची भाजी, साखर घातलेलं दही. दोनदा आग्रह झाला. चार वर्षांत त्यांच्याकडे जेवलो तेव्हा असा आग्रह कधी झाला नव्हता. तेव्हा मैनाबाई ताटात भाकरी टाकून आपल्या कामाला जायच्या. मी पाहुण्यासारखा पुरे पुरे म्हणत जेवलो.

पूर्णिमा मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. तिच्या अंगात तो राखाडी स्वेटर होता. ती खंगली आहे, गालाची हाडं दिसतात. मी म्हणालो, "आईंची माफी मागितली. आता घरी ये."

"आईचा प्रश्नच नव्हता, बाबा."

"मग?"

ती रस्त्याकडे बघत बोलली. "ती भाकरी आईने विटाळ म्हणून नव्हती आणली. ज्याचं माणूस गेलं त्याला चूल पेटवायला लावायची नाही, एवढंच असतं ते. तुम्हाला नाही पटलं, ठीक आहे, तुमचा धर्म आहे. पण बाबा, नवरा माझा गेला होता."

ती दोन पावलं पुढे चालली आणि पुन्हा बोलू लागली.

"लहानपणापासून बघत आले. घरात कुणी गेलं की तीन दिवस त्या चुलीवरचं खायचं नाही. मला माहितीये हे असं काही नसतं. मी खूप ट्राय केलं. तुम्ही खिचडी वाढलीत तेव्हा घास उचलला पण होता. नाही गेला तोंडात. वाटलं, हा खाल्ला तर तो खरंच गेला. आईची टोपली दारात होती, त्यातलं मला जाणार होतं."

"तू बोलली का नाहीस?"

"तुमच्याकडे बघितलं ना मी. तुम्ही हात जोडून उभे होतात, इतके ताठ. म्हटलं, यांना एवढ्यावरच उभं राहता येतंय, हे काढून घेतलं तर पडतील." बस आली. "मी रागावले नाहीये. पण त्या स्वयंपाकघरात आता नाही राहवत मला. तुम्ही येत जा." आणि मला पाठीला हात लावून बसमध्ये चढवलं, म्हाताऱ्या माणसाला चढवतात तसं.

खराडीपर्यंतचा रस्ता मला दिसला नाही.

प्राचार्यांना पत्र लिहिलं, व्याख्यान देणार नाही. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार? त्या तीन दिवसांत मी तिच्यासमोर सहा वेळा जेवलो. प्रत्येक वेळी हात जोडून, डोळे मिटून, नीट आवाजात अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. माझं आमेन होईपर्यंत ती उपाशी पोरगी दर वेळी समोर मान खाली घालून बसली, आणि डोळे उघडल्यावर मी एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.